दहापैकी आठ, पण कुठे? भाषेच्या तासातल्या स्वयंमूल्यमापनाचं एक प्रकरण

आमच्या गटसाधन केंद्रातल्या, म्हणजे तालुक्यातल्या शिक्षकांच्या प्रशिक्षण केंद्रातल्या, कपाटात पत्रकांचा एक गठ्ठा अजून पडून आहे. सहावीच्या 14 मुलांनी भरलेली स्वयंमूल्यमापनाची 14 पत्रकं. 'मी पाठ समजून घेतो', 'माझे अक्षर वळणदार आहे', 'मी स्वतःच्या शब्दांत लिहितो' अशी दहा विधानं, आणि प्रत्येकासमोर तीन चेहरे: हसरा, साधा, रडवेला. चौदाही पत्रकांत दहाच्या दहा ठिकाणी हसऱ्या चेहऱ्यावर खूण आहे. फक्त एका पत्रकात सातव्या विधानापाशी कागद जरा खरवडल्यासारखा दिसतो. 'मी शुद्ध भाषेत लिहितो' हे ते विधान. मुलाने आधी रडव्या चेहऱ्यावर खूण केली, मग खोडरबरने पुसून ती हसऱ्यावर नेली.

ते पत्रक मीच तयार केलेलं. त्याचं प्रशिक्षणही मीच दिलं होतं. म्हणून हे प्रकरण लिहिताना दुसऱ्याच्या वर्गात बोट घालण्याआधी स्वतःपासून सुरुवात करतो.

ही हकीकत 2023-24 या शैक्षणिक वर्षातली, सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरच्या एका केंद्रातली, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या एका गटातली. केंद्रातल्या शाळा जिल्हा परिषदेच्या, बहुतेक द्विशिक्षकी. पट कुठे चाळीस, कुठे बारा. एका बाजूला मासेमारी करणाऱ्यांच्या वाड्या, दुसरीकडे कातळावरची आंब्याची कलमं आणि त्यांच्या राखणीला आलेल्या कुटुंबांची मुलं. घरात मालवणी, पुस्तकात प्रमाण मराठी. मी तेव्हा भाषेचा विषयतज्ज्ञ होतो, आणि केंद्रातल्या शिक्षकांच्या ऑगस्टच्या शिक्षण परिषदेत माझ्या वाट्याला दोन तास आले. विषय होता स्वयंमूल्यमापन.

विषय नवा नव्हता. शिक्षण हक्क कायदा लागू झाल्यावर 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हापासून आकारिक, म्हणजे शिकवता शिकवता करायच्या, मूल्यमापनाच्या साधनांत स्वयंमूल्यमापन आहे. पण आहे कुठे? दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय हे सगळं झालं की शेवटी 'इतर' म्हणून एक ओळ येते, त्या ओळीत प्रश्नावली आणि सहाध्यायी मूल्यमापनाच्या मांडीला मांडी लावून. 'इतर'कडे कोण बघतं? 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने समग्र प्रगतीपत्रकात शिक्षकाच्या नोंदीसोबत मुलाचं स्वतःचं आणि सोबत्यांचं मूल्यमापनही असावं असं म्हटलं, आणि ती ओळ अचानक वर आली. वर आली म्हणजे तिचं प्रशिक्षण आलं, आणि प्रशिक्षण आलं म्हणजे पत्रक आलं.

ऑगस्टचे ते दोन तास मला चांगले आठवतात. पत्र्यावर पावसाचा असा मारा की मागच्या बाकांपर्यंत आवाज पोचत नव्हता. वीज गेली, प्रोजेक्टर बंद पडला, मग मी कागद हातात धरून वाचून दाखवलं: व्याख्या, महत्त्व, फायदे, पत्रक कसं भरून घ्यायचं. प्रश्न एकच आला. "सर, ह्या पत्रकाची फाइल वेगळी करायची की आकारिकच्या फायलीत लावायची?" मी म्हटलं, आकारिकच्या. सगळ्यांनी लिहून घेतलं. दोन तासांतलं बाकी काही कुणी लिहून घेतलं असेल असं मला वाटत नाही, आणि त्यात त्यांची काही चूकही नाही.

गणपतीच्या सुट्टीनंतर मी शाळा फिरलो. त्या सहावीच्या बाईंनी सरळ सांगितलं, "मी विधान वाचलं, मुलांनी खूण केली." मी विचारलं, म्हणजे नेमकं कसं? त्यांनी वर्गात करूनच दाखवलं. "मी स्वतःच्या शब्दांत लिहितो. लिहिता ना रे?" वर्गातून एकसुरात होकार. संपलं. वर्णनात्मक नोंदींच्या वहीत चौदाही मुलांच्या नावापुढे एकच वाक्य होतं, 'स्वतःचे मूल्यमापन स्वतः करतो.' मुलींच्या नावापुढेसुद्धा 'करतो'. अशा तयार नोंदी फोनवर फिरत असतात, विषयवार, इयत्तावार. मी शिक्षक असताना मीही त्या उतरवून काढल्या आहेत.

दुसऱ्या एका शाळेत तर स्वयंमूल्यमापनाला दहापैकी गुण होते आणि ते गुण आकारिकच्या बेरजेत धरले होते. सहावीला आकारिकचे 50 आणि संकलितचे, म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षेचे, 50. त्या पन्नासातले काही गुण मुलाने स्वतःच स्वतःला द्यायचे म्हटल्यावर कोण कमी घेईल? पण गंमत अशी की तिथे दोन मुलींनी स्वतःला दहापैकी चार दिले होते, आणि त्यांच्या वह्या वर्गात सगळ्यांत चांगल्या होत्या. एकीला विचारलं, चारच का गं? ती म्हणाली, "माझो पाचवो नंबर येता." लिहिलेलं तिने पाहिलंच नव्हतं. वर्गात आपली जागा कुठे, तेवढं सांगितलं होतं. हसऱ्या चेहऱ्यांच्या गठ्ठ्यातही तेच झालं होतं: बाईंसमोर आपण कोण आहोत, याचं उत्तर. वही उघडलीच गेली नव्हती.

बोटाने दाखवा

ऑक्टोबरची परिषद भातकापणीच्या दिवसांत आली. निम्म्या जणांचं चित्त शेतावर. यावेळी मी पत्रक नेलंच नाही, कोरे कागद नेले. सगळ्यांना सांगितलं, 'माझ्या शाळेची वाट' या विषयावर पंधरा मिनिटांत अर्धं पान लिहा. कुरकुर झाली. "आम्हीच का?" असं एका ज्येष्ठ गुरुजींनी मोठ्याने विचारलं, पण लिहायला लागले तेही. लिहून झाल्यावर मी म्हटलं, आता स्वतःला दहापैकी गुण द्या. बहुतेकांनी आठ घेतले. गुरुजींनी नऊ. नव्याने लागलेल्या एका शिक्षणसेविकेने पाच.

मग मी गुरुजींना विचारलं, "हे नऊ गुण लेखात कुठे आहेत ते बोटाने दाखवाल का?"

त्यांनी कागद उलटसुलट केला. "असे कसे दाखवू? एकूण चांगलं आहे." मग थोडं थांबून, "भाषा ओघवती आहे."

"ओघ कुठे आहे ते दाखवा."

दोघंतिघं हसले, पण आपापल्या कागदाकडे बघून तेही गप्प झाले. ती शिक्षणसेविका मात्र म्हणाली, "सर, माझे पाच मी दाखवू शकते. म्हणजे कमी कुठे पडलं ते." तिने एक ओळ वाचली: 'वाटेत एक छोटा ओढा लागतो आणि निसर्गाचे सुंदर दर्शन घडते.' म्हणाली, "रोज चपला हातात घेऊन ओढा ओलांडते मी. पावसात गुडघाभर पाणी असतं. एकदा डबा वाहून गेला. आणि इथे लिहिलंय, सुंदर दर्शन घडते."

पुढचे दोन तास त्या डब्याने तारले. 'निसर्गाचे सुंदर दर्शन' बहुतेक कागदांवर होतं, माझ्याही. मी त्यांच्याबरोबर लिहायला बसलो होतो.

मग निकष काढायला बसलो. पहिल्या फेरीत आलेले निकष कचेरीतल्या भाषेतले: आशयाची समर्पकता, मांडणीतील सुसंगती, भाषिक समृद्धी. सहावीच्या मुलाला यातला एकही आपल्या वहीत शोधता येणार नाही. एकेक घेऊन विचारत गेलो, हे मूल कशावर बोट ठेवेल? तासाभराने फळ्यावर उरले दोन प्रश्न. 'डोळ्यांपुढे दिसेल असं एक तरी वाक्य आहे का? त्याच्याखाली रेघ ओढ.' आणि 'वाचणाऱ्याने "मग काय झालं?" असं विचारलं तर कुठे विचारेल? तिथे खूण कर.' दोनच. तिसरा शुद्धलेखनाचा घालायचा का यावर बराच वाद झाला. तो ठेवला, पण 'तुला शंका आहे असे तीन शब्द गोल कर' एवढाच. चुका मोजायला लावलं की मुलं छोटे शब्द लिहितात, हा तिथल्या प्रत्येकाचा अनुभव होता.

यामागचं शास्त्र काही आमचं नाही. 1989 साली सॅडलर या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने ते नेटकं मांडलंय. शिकणाऱ्याला चांगलं काम म्हणजे कसं हे ठाऊक हवं, आपलं काम त्याच्याशेजारी ठेवून बघता यायला हवं, आणि मधलं अंतर कमी करायला काय करायचं हे हातात हवं. तीनपैकी पहिलंच नसेल तर उरलेली दोन आपोआप गळतात. आम्ही ऑगस्टमध्ये ते पहिलंच सोडून दिलं होतं. आणि गुण? 1988 चा बटलर यांचा इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवरचा प्रयोग मी त्या दिवशी सांगितला. काहींना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त शेरा मिळालेल्यांची. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेली मुलं गुणवाल्यांसारखीच राहिली. गुण दिसला की शेरा कोण वाचतो! त्यावर आमचं ठरलं की स्वयंमूल्यमापनाचा गुण बेरजेत धरायचा नाही. एका मुख्याध्यापकांना ते पटलं नाही. गुण नाही तर पुरावा काय, हा त्यांचा प्रश्न. शेवटी रेघा ओढलेल्या वहीच्या पानाचा फोटो हाच पुरावा मानायचं कबूल झाले, कुरकुरत का होईना.

बारीकसारीक अडचणी

नमुना दाखवल्याशिवाय 'चांगलं' कळत नाही, म्हणून प्रत्येक वर्गात आधी दोन लेख वाचायचे, एक बरा, एक कच्चा, दोन्ही बिननावाचे, असं ठरलं. पाच मुलांच्या वर्गात बिननावाचं असं काही नसतं. पहिल्या ओळीलाच कुणीतरी ओरडतो, "ह्या तुझा अक्षर!" म्हणून शाळांनी आपसांत लेख बदलले, फोटो काढून ग्रुपवर टाकायचे, दुसऱ्या शाळेने फळ्यावर उतरवून घ्यायचे. हे फुकटात झालं आणि चाललं.

सहाध्यायी मूल्यमापन मात्र चाललं नाही. एका वाडीतली मुलं एकमेकांना भरभरून द्यायची, आणि गणपतीत दोन घरांचं वाजलं की त्याच मुलांचे शेरे बदलायचे. भावकी वहीत उतरते. त्या वर्षापुरतं ते आम्ही सोडून दिलं.

पहिली-दुसरीला लिहिण्यापेक्षा वाचनावर भर दिला. तिथे एका बाईंची युक्ती सगळ्यांनी उचलली. मूल वाचताना फोनवर ध्वनिमुद्रण करायचं आणि त्यालाच ऐकवायचं. दुसरीतल्या एका मुलीने स्वतःचा आवाज तीनदा ऐकला आणि सांगितलं, "मी जोडाक्षराकडे उभी ऱ्हवतंय." बाई वर्षभर तेच सांगत होत्या, पण ते त्यांनी सांगणं वेगळं. त्या वर्षीच्या पुस्तकांत प्रत्येक पाठाला जोडून 'माझी नोंद'चं कोरं पान होतं. बऱ्याच वर्गांत त्यावर गृहपाठ लिहिला जायचा. या बाईंनी तिथे मुलीचं हे वाक्य तिच्याच शब्दांत लिहून घेतलं.

रापणीचा लेख

आता त्या खोडलेल्या खुणेकडे येतो.

डिसेंबरात सहावीच्या बाईंनी 'मी पाहिलेलं काम' असा विषय दिला. त्या मुलाने रापण लिहिली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: होडीतून लांबलचक जाळं समुद्रात अर्धगोल सोडत जातात, दोन्ही टोकं किनाऱ्यावर ठेवतात, आणि मग दोन्हीकडून माणसं दोर खांद्याला लावून मागे मागे सरत ती ओढतात. मासळीचे नंतर वाटे पडतात. मुलाचे वडील रापणीवर जातात. पहिल्या मसुद्यात एक जागा अशी होती:

'दोर ओला असतो म्हणून हाताला कापतो. सगळे मागे मागे जातात. रापण वर आली तेव्हा बाबा बोलले, आज एक बांगडो पण गावाक नाय.'

मग त्याने स्वतःचं स्वतः तपासलं. 'दिसेल असं वाक्य' म्हणून दोराच्या वाक्याखाली रेघ, अगदी बरोबर. शंका असलेले शब्द गोल करायचे म्हणून 'बांगडो' आणि 'गावाक' गोल. आणि दुसऱ्या मसुद्यात ते वाक्य असं झालं: 'रापण वर आली तेव्हा बाबा म्हणाले की आज मासे मिळाले नाहीत.' बाईंनी समासात लिहिलं, 'छान! चूक स्वतः शोधलीस.'

बाईंनी ही दोन्ही पानं जानेवारीच्या परिषदेत अभिमानाने आणली. मी ती फळ्यावर शेजारी शेजारी उतरवली आणि आमचाच पहिला प्रश्न विचारला: दिसेल असं वाक्य कुठलं? बाई फळ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मीच त्याला शाबासकी दिली."

यावरून जो वाद पेटला तो वर्षातला सर्वांत चांगला वाद. ज्येष्ठ गुरुजींचं म्हणणं सरळ होतं, "पेपरात हे चालणार नाय. पुढे हायस्कुलात कोणी ऐकून घेणार नाही. उद्या तेका मार्क कोण देणार?" ते चूक नाहीत. प्रमाण मराठी शिकवणं हे आमचं काम आहे आणि मुलाचं पुढचं शिक्षण तिच्यात आहे. एका तरुण शिक्षकाने उलट टोक गाठलं: सगळंच मालवणीत लिहू दे. तेही मला पटलं नाही; ते बोलणारा स्वतः लेख प्रमाण मराठीत लिहीत होता.

वाद सोडवला तो एका बाईंनी, दशावताराने. "आमच्या पोरांना काय कळत नाय होय? देवळातल्या जत्रेत रात्रभर नाटक बघतात. राजा येतो तो छापील बोलतो, आणि विनोदी पात्र येतं ते मालवणीत. कोण कुठली भाषा बोलणार ते पोरांना आधीच ठाऊक असतं." म्हणजे निवेदनाची भाषा एक आणि पात्राच्या तोंडची वेगळी. मुलाला हे येत होतं. त्याने बाबांचं बोलणं अवतरण चिन्हाशिवाय लिहिलं, इतकीच त्याची चूक होती, आणि आमच्या 'शंका असलेले शब्द' या तिसऱ्या प्रश्नाने त्याला भलतीकडे बोट दाखवायला लावलं होतं. आम्ही तो प्रश्न बदलला: 'हे वाक्य कोण बोलतंय? तू की लेखातलं माणूस? माणूस असेल तर अवतरण चिन्हं घाल आणि त्याला त्याच्यासारखं बोलू दे.' गुरुजी म्हणाले, "अवतरण चिन्हांत असेल तर माझी हरकत नाय." त्यांच्या तोंडून ही सवलत म्हणजे बरंच झालं.

मला इथे एक कबूल करायला हवं. ऑगस्टच्या पत्रकातलं 'मी शुद्ध भाषेत लिहितो' हे विधान मीच घातलं होतं, विचार न करता, कारण अशा पत्रकात ते असतंच. त्या मुलाने त्यावर आधी रडव्या चेहऱ्यावर खूण केली, ते माझ्या मते त्या चौदा पत्रकांतलं एकमेव खरं मूल्यमापन. तेही त्याने पुसलं.

तिसरा मसुदा

फेब्रुवारीत मी त्या वर्गात दिवसभर बसलो. कलमांवर मोहोर होता आणि वर्गात कुणीतरी सारखं शिंकत होतं. मुलाने तिसरा मसुदा दाखवला. बाबा परत आपल्या भाषेत बोलत होते, अवतरण चिन्हांसकट. खाली त्याने लिहिलं होतं: 'मी बाबांचं बोलणं परत आणलं. दोराचं वाक्य चांगलं आहे. मग काय झालं असं वाचणारा शेवटी विचारेल, कारण वाटे कसे पडले ते मी लिहिलं नाही.'

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. आम्हाला दोघांनाही हेच हवं होतं: मुलाने स्वतःच्या लेखातली उणीव स्वतः शोधली, बोटाने दाखवली, कारणासह. मी म्हटलं, "मग आता चौथ्यात ते लिही ना. तुला माहीत आहेच."

तो खाली बघून म्हणाला, "माका म्हायत आसा. पण तां लिवचां नाय."

"का रे?"

तो काही बोलला नाही. बाईंनी मला हाताने थांबवलं. मधल्या सुट्टीत त्यांनी सांगितलं की त्या दिवसांत वाट्यावरून त्याच्या बाबांचं आणि रापण ओढणाऱ्या संघातल्या काही जणांचं बिनसलं होतं. वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. मग आम्ही दोघं तिथेच उभ्या उभ्या बोलत राहिलो की याची नोंद कशी करायची. आमच्या निकषांप्रमाणे लेख अपुरा. मुलाप्रमाणे तो तिथेच थांबायला हवा. उणीव दिसणं आणि ती भरायची की नाही हे ठरवणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि आम्ही शिक्षकांना पहिलीचंच प्रशिक्षण दिलं होतं. दुसरीबद्दल माझ्या टिपणात एक ओळही नव्हती.

सुट्टी संपल्यावर बाईंनी त्याला एवढंच सांगितलं की तुला काय राहिलं ते खाली लिही, लेखात घालू नकोस. त्याने वही मांडीवर घेतली, बराच वेळ पेन्सिल चावली आणि लिहिलं: 'वाट्याचं राहिलं. मुद्दाम.'

बाईंनी त्याखाली सही केली. शेरा लिहिला नाही.